थायलंडमध्ये आई-बाबांना घेऊन जाण्यासारखं शांत बेट कुठलं?

फुकेत-पट्टाया नको, सोबत सत्तरीचे आई-बाबा आणि मे महिन्याची सुट्टी, असं तुम्ही लिहिलंय. मी ऐरोलीला राहतो, आमच्या आई-बाबांना घेऊन त्राट प्रांतातल्या बेटांवर जाऊन आलोय त्यामुळे अगदी मनापासून सांगतो, त्राटच करा पण मेमध्ये नको. आपला नैऋत्य मॉन्सून तिथेही असतो आणि मेमध्येच सुरू होतो, मग ऑक्टोबरपर्यंत धो धो पाऊस, समुद्र खवळलेला आणि बऱ्याच बोटी बंद. दिवाळी झाली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त.

त्राट हा थायलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा शेवटचा प्रांत, पलीकडे कंबोडिया. २०२५ मध्ये दोन्ही देशांत सीमेवर लढाई झाली होती, त्यामुळे बुकिंगच्या आधी बातम्या बघाच. बँकॉकच्या एकमाई स्टँडवरून बसने पाच-सहा तास लागतात, विमान तासाभराचंच पण महाग.

आता बेट कुठलं? को चांग सगळ्यात मोठं, डोंगर, हॉटेलं, डॉक्टर सगळं आहे पण गर्दीही तिथेच. को कूड दिसायला सगळ्यात सुंदर, पाणी एकदम काचेसारखं, पण चढउतार खूप. म्हणून ज्येष्ठांसोबत माझं मत को माकला! छोटं, बऱ्यापैकी सपाट, गाड्या नेणारी फेरीबोटच नाही त्यामुळे रस्त्यावर शांतता, दोन्ही बाजूंना नारळ आणि रबराच्या बागा. रबराच्या झाडाला तिरकी चीर देऊन खाली वाटी बांधलेली असते, त्यात पांढरा चीक थेंब थेंब पडतो आणि त्याच्या लाद्या करून चक्क दोरीवर वाळत घालतात, बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.

आई-बाबा शाकाहारी असतील तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजीतही फिश सॉस असतो. 'जे' म्हणा, म्हणजे मासे-अंडी काहीच घालत नाहीत, तरी ठेपले आणि मेतकूट बरोबर असू द्या. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माशा चावतात, पाय झाकून बसा. आणि बोटीचं तिकीट काढताना स्पीडबोट घेऊ नका, लाटेवर फार आपटते, कंबर-गुडघ्याचं दुखणं असेल तर मोठी कॅटामरान (दोन जोडतळांची बोट) असते, तीच बघा.