सगळी उत्तरं फोनवर मिळत असताना शहाणपणासाठी बायबलकडे का वळावं?

तुम्ही लिहिलंय की घरचे संस्कार ख्रिस्ती आहेत, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी मुंबईत आलात, आणि आता वाटतं की काहीही विचारलं तर फोन सांगतो, मग श्रद्धेकडे मागायचं काय आणि कसं. मी भायखळ्याच्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानाचा मोठा झालो. जे स्वतः भोगलं त्यावरून सांगतो.

आमची पागडीची खोली होती. आईवडील गेल्यानंतर इमारत पुनर्विकासाला निघाली आणि धाकट्या भावाशी माझा वाद सुरू झाला. कायदा मी वाचला होता, वकिलाला विचारलं होतं, जुन्या भाडेपावत्या माझ्या कपाटात होत्या. रोज प्रार्थनाही करायचो, पण ती एवढीच, की प्रभू, त्याला सुबुद्धी दे.

मी ठाण्याहून लोकलने कामाला यायचो आणि गाडीत बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एक अध्याय वाचायचो. अध्याय एकतीस, म्हणून तारखेप्रमाणे एक. अठरा तारखेला अठरावा आला. त्याचं तेरावं वचन म्हणतं की ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे आणि त्यात लाज आहे. चारच वचनं पुढे, सतराव्यात, की जो आपली बाजू आधी मांडतो तो खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याला तपासेपर्यंतच. ही वचनं मी कित्येक वर्षं दर महिन्याला वाचत होतो. त्या सकाळी प्रथमच लक्षात आलं की भावाचं म्हणणं मी एकदाही पुरतं ऐकलेलं नाही.

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, आज तू बोल, मी मध्ये बोलणार नाही. त्याने एक वही काढली. आईच्या शेवटच्या तीन वर्षांचं औषधपाणी, रात्री थांबणाऱ्या बाईचा पगार, सगळं तारीखवार. बदली घ्यावी लागेल म्हणून त्याने बढती नाकारली होती. यातलं मला काही माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी त्याला माझ्यापेक्षा जास्त वाटा गेला. माझ्या पत्नीला हे बरेच महिने पटलं नाही, आणि तिचं सगळंच चूक होतं असंही नाही, मुलीच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं. ते आम्ही फेडलं.

त्यानंतर बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला तिसरा अध्याय मला वेगळाच दिसायला लागला. गिबोन गावी देव शलमोन राजाला म्हणतो, माग. तो जे मागतो त्याला मूळ हिब्रूत शब्दशः ‘ऐकणारं हृदय’ असं म्हटलंय. आणि लगेच पुढे त्याच्यासमोर दोन बाया एका बाळासाठी भांडत उभ्या राहतात. त्यांच्याबद्दलची माहिती त्याच्याकडे जवळजवळ शून्य. तो आधी दोघींचं ऐकतो. फोन मला कायदा सांगू शकला, भावाच्या दारात नेऊन बसवू शकला नाही. माझ्यासाठी फरक इथे आहे.

परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ, हे वचन तुम्ही लहानपणी पाठ केलं असेल. भय म्हणजे धाक नव्हे. शेवटचा शब्द माझा नाही, हे मनापासून मान्य करणं, असं मला ते उमगलंय.

मात्र डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि आलेलं वचन हाच देवाचा हुकूम समजायचा, हे कृपा करून करू नका. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथं वचन सांगतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नकोस, आणि पाचवं सांगतं की दे. दोन्ही शेजारी शेजारी. कुठली वेळ कुठल्या वचनाची, हे ओळखायला तुम्हाला सोडलेलं आहे. बायबलमधल्या, संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं; धर्माची ठाशीव वाक्यं ऐकवू लागले आणि शेवटी देवानेच त्यांना चूक ठरवलं.

श्रद्धा ठेवायची तर प्रश्न गिळावे लागतील, ही भीतीही नको. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यानंतरही त्या तिथल्या धर्मभगिनींशी सिद्धांतांवरून वाद घालत राहिल्या. १८८९ मध्ये त्यांनी याच मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. ऐकलेलं नुसतं मानून घेणारी बाई एवढे कष्ट करत नाही.

आता कसं शोधायचं. आज जी तारीख असेल तो नीतिसूत्रांचा अध्याय वाचा, दादर ते भायखळा गाडीत सहज होतो. मग याकोबाच्या पत्रातलं १:५ वाचा: ज्ञान कमी पडतंय त्याने देवाकडे मागावं, तो दोष न लावता देतो. मला त्यातलं ‘दोष न लावता’ फार भिडतं. आणि एकटे राहू नका. पाळकांशी बोला, मंडळीतल्या एखाद्या आजींशी बोला, ज्यांनी आयुष्यात खूप सोसलंय. रविवारी मराठी उपासनेला या. कोणी ओळखीचं नसलं तरी मागच्या बाकावर जागा असते.