पुण्यात रीसेल फ्लॅटसाठी एजंट कसा निवडावा?

स्टार बघून अजिबात ठरवू नका. तुम्ही लिहिलंय की नाशिकहून बदली होऊन येताय, बजेट ७५ लाख, कोथरूड-वारजे साइडला जुना टूबीएचके हवाय आणि ऑनलाइन ज्याला ४.९ स्टार आहेत त्या एजंटला फोन करू का. मी पण सोलापूरहून आलो तेव्हा असाच स्टार बघून गेलो होतो आणि ५१ हजार टोकन (फ्लॅट अडवून ठेवायची आगाऊ रक्कम) अडकवून बसलो.

एसी केबिन, गेल्या गेल्या चहा, सर-सर. फ्लॅट दाखवला आणि जिना उतरतानाच म्हणाला, सर संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन देऊन ब्लॉक करून टाका. कागदांचं विचारलं तर 'टायटल एकदम क्लीन'. दिले पैसे, ते पण त्याच्याच खात्यावर. मग बँकेच्या वकिलाने भोगवटा पत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मागितलं तर ते बिल्डिंगला मिळालेलंच नव्हतं, बँकेने लोन नाही म्हणून सांगितलं, मालक म्हणे एजंटकडून घ्या, एजंट म्हणे मी तर मालकाला दिले.

मग ऑफिसमधल्या एकाने कर्वेनगरच्या एक काकू सांगितल्या. पन्नाशी पार, ॲक्टिव्हा, तोंडाला स्कार्फ, डिकीत फायली आणि किल्ल्यांचा जुडगा. पहिल्या बिल्डिंगमध्ये गेलो तर लिफ्टकडे न जाता त्या नोटीस बोर्डसमोर उभ्या राहिल्या. तिथे महिन्याचा टँकरचा हिशोब लावलेला, आणि खाली मेन्टेनन्स थकलेल्यांची यादी, त्यात आपल्याच मालकाचं नाव, १८ महिने! "हे वाच आधी, हॉल नंतर बघ." वर जाऊन बाथरूमचे नळ सोडून बघितले, बेडरूममधल्या कपाटामागे हात घालून भिंत चाचपली, हाताला ओला चुना लागला तो मला दाखवला आणि मालकाच्या देखत म्हणाल्या, हा नको घेऊस. त्यांची स्वतःची दलाली बुडत होती बरं का. मी तिथेच ठरवलं की घर घेईन तर यांच्याकडूनच.

तर तुम्ही पण पहिल्या भेटीत एजंटला एवढंच विचारा की या फ्लॅटमध्ये वाईट काय आहे. 'काहीच नाही सर' असं उत्तर आलं की तिथूनच परत फिरा. दुसरं म्हणजे त्याच बिल्डिंगमधले आधीचे फ्लॅट कितीला गेले ते विचारा, कामाचा एजंट इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, त्यात किंमत असते) समोर ठेवतो, आणि तो नाही ठेवला तर आयजीआर म्हणजे राज्याच्या नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून तुम्हालापण बघता येतो.

महारेरा नंबरचं, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाकडच्या एजंटच्या नोंदणीचं, सगळे सांगतील म्हणून सांगतो. तो ए ने सुरू होतो, महारेराच्या साइटवर तपासता येतो, आणि २०२३ मध्ये त्यांनी एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षापण लावली. पण हा नंबर रेरा कायद्याखाली नोंदलेल्या प्रोजेक्टमधल्या विक्रीसाठी लागतो, पंधरा-वीस वर्षं जुन्या सोसायटीतला रीसेल विकायला एजंटला तो नंबर लागतच नाही. काकूंकडे नव्हता. त्या एसीवाल्याने फ्रेम करून भिंतीवर लावला होता.

आणि तुम्ही रीसेल मागताय आणि समोरचा सारखा वाकड-हिंजवडीच्या नवीन प्रोजेक्टची साइट व्हिजिट करू म्हणतोय तर समजून जा, तिथे त्याला बिल्डर पैसे देतो.

खर्चाचा हिशोब पण त्यालाच मांडायला लावा. काकूंनी फायलीच्या पुठ्ठ्यावर पेनने लिहून दिला होता, तुमच्या ७५ लाखाला तो साधारण असा होईल: पुरुषाच्या नावावर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे सव्वापाच लाख (फक्त बायकोच्या नावावर घेतला तर १ टक्का कमी), रजिस्ट्रेशन ३० हजार, किंमत ५० लाखाच्या वर आहे म्हणून मालकाला पैसे देताना त्याच्याच रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) तुम्हीच कापून भरायचा, वर सोसायटीची ट्रान्सफर फी आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी हक्काच्या तपासणीचा अहवाल). जो म्हणेल की ॲग्रीमेंट कमी रकमेचं करू आणि बाकीचे कॅश द्या, त्याचा नंबर ब्लॉक करा, उद्या इन्कम टॅक्सची नोटीस तुम्हाला येणार, त्याला नाही.

दलाली इथे रीसेलला १ ते २ टक्के मागतात, घासाघीस होते. किती, कधी द्यायची आणि जीएसटी लावणार का, हे फ्लॅट बघायच्या आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. काकूंनी १ टक्का घेतला, अर्धी साठेखताला (पक्क्या खरेदीआधीचा करार), अर्धी खरेदीखत झाल्यावर. अजून एक, एकच फ्लॅट चार-चार एजंटांकडे असतो, दुसऱ्याने तोच दाखवायला नेला तर जिन्यातच सांगा की हा बघून झालाय, नाहीतर दोघं दलाली मागत बसतात.

टोकन फक्त मालकाच्या खात्यावर, आणि 'लोन नाकारलं किंवा कागदात खोट निघाली तर १५ दिवसांत पूर्ण परत' अशी ओळ मालकाच्या सहीने घेतल्याशिवाय एक रुपया पण नाही. माझ्या ५१ मधले ४० आले परत, ते पण साडेचार महिन्यांनी, आमचे मामा डबा घेऊन दोन दिवस त्या एसी केबिनमध्ये जाऊन बसले तेव्हा.