तमाशाचा फड दौऱ्यावर असताना मोठी बातमी कशी कळते, आणि त्या रात्रीच्या खेळाचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की दसऱ्यापासून साधारण बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरणाऱ्या फडाला युद्ध, हत्या, महामारी अशा बातम्या कुठून कळतात, आणि तेव्हा खेळ होतो की मोडतो. मी ढोलकी-फडाच्या, म्हणजे कनात घेऊन गावोगाव फिरणाऱ्या तमाशाच्या, व्यवस्थेच्या बाजूने सांगतो. संगीत बारीची, म्हणजे मुख्यतः लावणीची, थिएटरं एका जागी असतात, त्यांचं गणित वेगळं.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, तरी फड बातमीला उशिरा भेटतो. कारण फडाचा दिवस गावाच्या उलटा चालतो. वग, म्हणजे तमाशातलं शेवटचं नाट्य, संपायला रात्रीचे दोन-तीन वाजतात. मग कनात उतरवायची, सामान ट्रकमध्ये भरायचं, पहाटे पुढच्या मुक्कामाला पोचायचं आणि दुपारपर्यंत झोपायचं. सकाळी नऊ वाजता जगात काही घडलं तर अख्खा फड घोरत असतो. जत्रेच्या गावात गर्दीमुळे टॉवरवर इतका ताण येतो की संध्याकाळी फोन लागत नाही, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत अर्ध्या कलाकारांचे फोन चार्ज नसतात. म्हणून बातमी काय आहे याच्याइतकंच ती किती वाजता आली, यावर सगळं ठरतं.

३१ ऑक्टोबर १९८४ घ्या. इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास. बीबीसीने मृत्यूची बातमी दिवसाच दिली, पण आकाशवाणीने ती अधिकृतपणे सांगितली संध्याकाळी. मधले सगळे तास एसटीच्या ड्रायव्हरने आणलेली, बाजारात ऐकलेली बातमी आणि अफवा यांत फरक करायला साधन एकच, ट्रान्झिस्टर. त्याचीही एक रीत आहे. जनरेटर आणि ट्यूबलाइटचे चोक यांच्याजवळ मीडियम वेव्हवर नुसती खरखर ऐकू येते. सेट कनातीपासून शे-दोनशे पावलं लांब न्यायचा आणि उभा धरून हळूहळू फिरवायचा. आतल्या फेराइटच्या दांडीला, म्हणजे सेटच्या एरियलला, दिशा कळते, एका कोनात आवाज स्वच्छ होतो. अंधार पडल्यावर मीडियम वेव्हची लांबची केंद्रंही लागतात, दिवसा ती लागत नाहीत. आजही एक सेट आणि जादा सेल ट्रकच्या केबिनमध्ये असावेत असं माझं ठाम मत आहे.

संध्याकाळी आठची बातमी सगळ्यात वाईट, कारण तेव्हा तिकीटखिडकी उघडत असते. ८ नोव्हेंबर २०१६ ला आठ वाजता नोटाबंदी जाहीर झाली, मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा बाद. दिवाळी नुकतीच झालेली, फड तिकिटावर चाललेले. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला अशी बातमी तासभर उशिरा कळली, तर गल्ल्यात मोठ्या नोटा येत राहतात आणि सुटे निघून जातात. पुढचा त्रास त्याहून मोठा होता. जुन्या नोटा बँकेत भरायला ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती, पण १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना त्या घ्यायला मनाई झाली, आणि खेड्यातल्या माणसाचं खातं बहुतेक वेळा तिथेच असतं. फड रोज गाव बदलणार, दिवसा झोपणार आणि बँकेच्या रांगेत उभा कधी राहणार? त्यामुळे गल्ल्यावरचा माणूस आणि बातम्यांवर लक्ष ठेवणारा माणूस एकच नसावा. खिडकीवर बसलेला नोटा मोजतो, त्याला फोन बघायला उसंत नसते. बातमीवाल्याने फडमालकाला सांगायचं, मालकाने खिडकीला. मधे कुणीही बोलायचं नाही.

खेळ रंगात असताना बातमी आली तर? २१ मे १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली ती रात्री सव्वादहानंतर. मे म्हणजे जत्रांचा शेवटचा टप्पा, त्या वेळेला बहुतेक बोर्डांवर, म्हणजे स्टेजवर, गण-गौळण हा खेळाचा सुरुवातीचा भाग चालू असणार. अशी बातमी बंदोबस्ताच्या हवालदाराकडून किंवा यात्रा कमिटीकडून स्टेजमागे येते. तेव्हा काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर चेंगराचेंगरी होते.

पहिली गोष्ट, सोंगाड्याने, म्हणजे विनोदी नटाने, ती बातमी कधीही सांगायची नाही. बतावणीत, म्हणजे विनोदी संवादात, तो रोज ताज्या घडामोडींवर बोलत असतो. रंगवलेल्या तोंडाने त्याने पंतप्रधान गेल्याचं सांगितलं तर लोक पुढच्या टोल्याची वाट बघतात, काही हसतात, आणि त्या हसण्यावरून दंगा होतो. मालकाने किंवा सरदाराने (फडाच्या प्रमुख कलाकाराने) साध्या कपड्यांत माइकवर यायचं. ढोलकी तडकाफडकी तोडायची नाही, चाललेली चाल पुरी करून थांबवायची, नाहीतर मागच्यांना वाटतं पुढे मारामारी झाली. दिवे सगळे लावायचे. जनरेटर तेव्हाच बंद पडू नये म्हणून डिझेल बघून ठेवायचं. कनातीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या आधी सोडायच्या आणि मगच घोषणा करायची. बायकांची बाजू पहिली रिकामी होऊ द्यायची. तिकिटाचे पैसे त्या रात्री परत देत बसलात तर खिडकीवर झुंबड उडते. अर्धं तिकीट जपून ठेवा, सकाळी दहानंतर ग्रामपंचायतीसमोर पैसे मिळतील, असं माइकवर तीनदा सांगायचं आणि शब्द पाळायचा. त्यासाठी एक माणूस मागे ठेवावा लागतो, ट्रक पुढे गेला तरी.

आणि कलाकारांना प्रेक्षकांच्या आधी कळलं पाहिजे, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांची घरं दंगलीच्या गावात, ज्यांची लेकरं आजीकडे, त्यांना बोर्डावर उभं असताना लाऊडस्पीकरवरून कळणं हा अन्याय आहे. दहा मिनिटं उशीर झाला तर चालेल, पण आधी त्यांना घरी फोन करू द्यावा.

पैशाचं दुखणं वेगळं. तिकिटावरचा खेळ बुडाला तर तो पुढच्या गावी भरून काढता येतो. जत्रेचा येत नाही. जत्रा तिथीला बांधलेली, गाव ती हलवू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फडाची सुपारी, म्हणजे गावाशी ठरवलेला खेळ, दुसऱ्या गावची असते. दुखवट्यात सात दिवस खेळ बंद राहिले तर सात सुपाऱ्या जातात.

२०२० मध्ये तर घाव नेमका वर्मी बसला. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या कमिट्या येऊन सुपाऱ्या ठरवतात. त्या वर्षी पाडवा होता २५ मार्चला, आणि आदल्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झालेली. जिल्ह्यांच्या सीमा त्याआधीच बंद. कलाकारांना हंगामाच्या सुरुवातीला दिलेली उचल, त्यासाठी काढलेलं कर्ज, हे सगळं चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्यांतून फिटायचं असतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले आणि दुसरा हंगामही गेला.

म्हणून सुपारीच्या कागदावर दोन ओळी लिहून घ्याव्यात: सरकारी आदेशाने खेळ बंद झाला तर विसार (आगाऊ दिलेले पैसे) परत की पुढच्या वर्षी वळता, आणि फड गावात पोचला असेल तर जेवण आणि डिझेलचा खर्च कुणाचा. बहुतेक कमिट्या तोंडी ‘बघू’ म्हणतात. पण पुढच्या वर्षी कमिटी बदललेली असते, नव्या माणसांना तो शब्द ठाऊक नसतो. कागदावर दोघांच्या सह्या घ्या, आणि त्याचा फोटो मालकाशिवाय आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा.