खपलीचा गुण बाकीच्या गव्हात का नाही घालत?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं सांगली जिल्ह्यात रान आहे. घरच्या खिरीपुरती थोडी खपली करतो, बाकी साधा गहू. गेल्या रब्बीत साध्या गव्हावर तांबेरा एवढा आला की रानातून फिरून आलं की पँट तांबडी व्हायची, आणि शेजारच्याच खपलीवर नुसते बारीक पांढुरके ठिपके. मग हा गुण एकदाच काढून सगळ्या गव्हात का घालत नाहीत? आणि घातला तर तो गहू जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेला होतो का?

उत्तर : दादा, ते पांढुरके ठिपके तुम्ही नीट बघितलेत हे फार चांगलं केलंत, बरेच जण ते बघून उगाच फवारणी करतात. तांबेऱ्याची बुरशी खपलीवरही उतरलेली असते, पानात शिरतेसुद्धा, पण तिथल्या पेशीत एक प्रोटीन असतं, ते बुरशीने आत सोडलेला पदार्थ ओळखतं आणि ओळखल्याबरोबर ती पेशी स्वतःच मरून जाते. तांबेऱ्याची बुरशी जगते ती फक्त जिवंत पेशीवर, त्यामुळे तिची तिथेच उपासमार होते आणि ठिपका तेवढाच राहतो. तुमच्या साध्या गव्हात त्या बुरशीला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून फोड आले, फुटले आणि भुकटी पँटीला लागली.

आता खपलीचा गुण कुणी काढलाच नाही असं मात्र नाही हां! भारतातून गेलेली खपली अमेरिकेत 1922 मध्येच स्टॅकमन आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी काळ्या (खोडावरच्या) तांबेऱ्याच्या रेस, म्हणजे बुरशीचे पोटप्रकार, ओळखायला जे 12 गहू निवडले त्यात होती, ‘खपली’ याच नावाने. पुढे ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस या शास्त्रज्ञांनी तिचा संकर तिथल्या गव्हाशी करून ‘खपस्टाइन’ नावाचा गहू काढला. खपलीतलं एक जनुक आज जगभर एसआर 13 म्हणून ओळखलं जातं, 2017 मध्ये त्याचा नेमका डीएनएही सापडला. आपल्या खिरीच्या गव्हाचा जगाला केवढा उपयोग झालाय हे आपल्याकडे फार कुणाला माहीतच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

काम सोपं मात्र नाही. खपलीत गुणसूत्रं 28, साध्या गव्हात 42, दोघांचा संकर केला की पिल्लात येतात 35, आणि त्यातली बरीचशी झाडं नीट दाणाच धरत नाहीत. जी धरतात ती परत परत साध्या गव्हाशी जुळवत न्यावी लागतात, कारण हव्या त्या जनुकाबरोबर खपलीचं नको तेही येतं, म्हणजे झाड उंच होऊन लोळतं, मळणीत दाणा टरफलातून सुटत नाही, वगैरे. यात वर्षं जातात.

पण खरी अडचण नंतर सुरू होते. अमेरिकेतल्या फ्लोर या शास्त्रज्ञांनी 1940 च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवून दिलं की झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीचं जनुक असतं. बुरशीतलं ते एक बदललं की झाडाला ती ओळखूच येत नाही, प्रतिकार संपला. आणि एकच जात लाखो हेक्टरवर असली की तसा बदललेला बुरशीचा एखादा कणही पुरतो, कारण पुढे त्याला सगळीकडे तेच खाद्य मिळतं. आपल्याकडची कल्याण सोना ही गव्हाची जात आठवा, 1967 मध्ये आली, शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतली आणि 1970 नंतर थोड्याच वर्षांत नारिंगी (पानावरच्या) तांबेऱ्याला बळी पडली. राय या गव्हासारख्या धान्यातून गव्हात आणलेलं एसआर 31 हे जनुक तर कितीतरी देशांच्या गव्हात होतं, सगळे त्याच्यावर निर्धास्त, आणि युगांडात 1998 मध्ये ‘युजी 99’ ही रेस सापडली जिला ते अडवूच शकत नव्हतं! पुढे ती केनिया, इथिओपिया, येमेन, इराणपर्यंत गेली. खपलीचं एसआर 13 युजी 99 ला अडवतं, म्हणून तर त्याची एवढी किंमत, पण इथिओपियातच एसआर 13 ला न जुमानणारी दुसरी रेसही आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तसं ‘एकदाच घालून’ भागत नाही.

म्हणून आता दोन-तीन जनुकं एकत्र घालतात, आणि माझ्या मते त्याहून मोलाची म्हणजे हळू काम करणारी जनुकं. एसआर 2 घ्या, ते खपलीच्याच जातकुळीतल्या एका रशियन गव्हातून अमेरिकेत मॅकफॅडन या शास्त्रज्ञांनी आणलं आणि पुढे हरितक्रांतीच्या बोरलॉग यांच्या मेक्सिकोतल्या गव्हात गेलं. दुसरं एलआर 34. यांनी तांबेरा पूर्ण थांबत नाही, फोड येतात पण कमी, लहान आणि उशिरा, तोवर दाणा बऱ्यापैकी भरून घेतो. अशी जनुकं इतकी वर्षं होऊनही टिकून आहेत. एलआर 34 असलेल्या गव्हात वरच्या पानाचं टोक आपोआप सुकतं, ते बघून खत कमी पडलं म्हणून युरिया टाकू नका, त्याचा खताशी संबंध नाही.

जीएमचं विचारलंत तर नाही, हे सगळं संकर आणि निवडीनेच होतं. फरक एवढाच की पूर्वी रोपावर रोग पाडून बघायचे, महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्रात अजूनही तसं तपासतात, आणि आता जोडीला पानाच्या तुकड्यातून डीएनए तपासून जनुक आलंय की नाही ते आधीच कळतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर गहू वेळेवर पेरा, उशिराचा गहू दाणा भरायच्या ऐन वेळी तांबेऱ्यात सापडतो. काळ्या तांबेऱ्याचे कण आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरातून वाऱ्याबरोबर येतात, त्यामुळे आपला बांध स्वच्छ ठेवून ते थांबत नाहीत. बियाणं घेताना जात कुठल्या वर्षी आली आणि काळ्या-नारिंगी दोन्ही तांबेऱ्याला कशी आहे ते विचारा, आणि सगळ्या शिवारात एकच जात दिसत असेल तर तुम्ही निफाडच्या संशोधन केंद्राची किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची दुसरी एखादी निम्म्या रानात घ्या.