350 सीसी क्रूझरवरून मोठ्या टूररवर जाताना वजन झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षं 350 सीसीची क्रूझर चालवली आहे, आता पेट्या आणि विंडशील्ड असलेली मोठी टूरर घ्यायची आहे, लांबच्या प्रवासात मागे बायको बसणार आहे. एवढं वजन झेपेल का, आणि नव्याने काय शिकावं लागेल?

झेपेल. मोठी टूरर 80 च्या वेगाला तुमच्या आताच्या गाडीपेक्षा जास्त स्थिर वाटेल. कस लागतो तो पहिल्या आणि शेवटच्या पाच मीटरमध्ये: पार्किंगमधून बाहेर काढताना, यू-टर्न घेताना, उतारावर थांबताना. म्हणून माझा सगळा भर त्या पाच मीटरवर आहे.

आधी आकडे बघा. रॉयल एनफिल्ड मिटिऑर 350 चं वजन 191 किलो आणि सीटची उंची 765 मिमी. होंडा गोल्ड विंग टूरचं वजन सुमारे 385 किलो, म्हणजे दुप्पट, पण सीटची उंची 745 मिमी. मोठ्या गाडीची सीट चक्क खाली आहे! तरी त्या आकड्यावर जाऊ नका. टूररची सीट रुंद असते, मांड्या फाकतात आणि पाय टेकायला लांब पडतो. शोरूममध्ये बसून बघताना रोजचे रायडिंग बूट घालूनच बसा आणि दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का ते पाहा. मग बसल्या बसल्या पायाने ढकलत गाडी दोन मीटर मागे घेऊन बघा. एवढं जमलं नाही, तर बाकी कितीही आवडली तरी थांबा.

पाय पुरत नसेल तर आधी पातळ फोमची सीट किंवा जाड तळव्याचे बूट करून बघा. सस्पेन्शन खाली करणं मला पटत नाही. वळणावर फूटबोर्ड लवकर घासतो, आणि मूळ लांबीचा साइड स्टँड ठेवला तर गाडी स्टँडवर जवळपास सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने दुसऱ्या बाजूला जाते.

आता वजनाचं गणित. गाडी सरळ उभी असताना तिचा भार चाकांवर असतो, तुमच्यावर जवळजवळ काहीच नाही. ती कलली की भार तुमच्याकडे येतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंचीवर धरून ढोबळ हिशेब केला, तर 385 किलोची गाडी 5 अंश कलली की हँडलपाशी साधारण 17 किलोचा जोर लावावा लागतो, 10 अंशांना 33 आणि 20 अंशांना 65 किलोच्या पुढे. 350 ची गाडी 10 अंश कलली तरी तुम्ही एका पायावर सावरत आला आहात, कारण तिथे सगळं याच्या निम्म्यावर आहे. मोठ्या गाडीला ती सवय मोडावी लागते. कलायला लागताच पहिल्या दोन-तीन अंशांत सावरायचं. 15-20 अंशांच्या पुढे गेली तर धरून ठेवू नका, पाय बाजूला काढा आणि जाऊ द्या. क्रॅश गार्डवर आडवी झालेली गाडी उचलता येते. कंबर आणि गुडघा दुखावला तर महिने जातात.

अशा गाड्या उभ्या असताना पडतात, त्याचं नेहमीचं कारण म्हणजे हँडल वळलेलं असताना दाबलेला पुढचा ब्रेक. चाक वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की गाडीचा उरलेला वेग तिला वळणाच्या आतल्या बाजूला लोटतो. छोटी गाडी पायाने सावरते, 385 किलो सावरत नाहीत. म्हणून सावकाश चालवताना उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवरून काढूनच ठेवा आणि थांबण्याआधी हँडल सरळ करा. शेवटचा अर्धा मीटर सरळच जायला हवा.

मग सावकाश चालवायचं कसं? हाफ क्लच, किंचित स्थिर रेस आणि मागच्या ब्रेकवर हलकं पाऊल, तिन्ही एकाच वेळी. इंजिन पुढे ओढतं, मागचा ब्रेक किंचित अडवतो, आणि त्या ताणामुळे गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगालाही डुगडुगत नाही. काही टूररना ब्रेक जोडलेले असतात, पेडल दाबलं की पुढचाही थोडा लागतो. तिथे पाऊल आणखी हलकं ठेवा. ड्युअल क्लच (गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा) असलेल्या गोल्ड विंगला क्लचचा लिव्हरच नसतो, म्हणजे हाफ क्लचचा आधार गेला. तिथे रेस अगदी स्थिर धरून सगळं नियंत्रण मागच्या ब्रेकने करायचं. तेलातला क्लच थोडा वेळ घासलेला सोसतो, तरी दहा मिनिटांच्या सरावानंतर थोडी विश्रांती द्या. जळका वास आला किंवा लिव्हर कुठे पकडतो ती जागा बदलली, तर त्या दिवसाचा सराव बंद.

सरावासाठी मोकळं, सपाट, खडी नसलेलं मैदान किंवा रिकामं पार्किंग घ्या. आधी सरळ रेषेत, जमेल तितकं सावकाश, पाय न टेकता 30 मीटर. मग 10 मीटर रुंदीत यू-टर्न, तो दोन्ही बाजूंना सलग दहादा जमला की 8 मीटर. उजवं आणि डावं कधीच सारखं नसतं; जी बाजू अवघड जाते तिला दुप्पट वेळ द्या. यू-टर्नमध्ये नजर पुढच्या चाकासमोर गेली की गाडी तिथेच जाते. हनुवटी खांद्यापर्यंत वळवा आणि जिथे बाहेर पडायचं तिथे बघा. रोज अर्धा तास, दोन आठवडे एवढं केलंत तर पुढचं सोपं जाईल.

पार्किंग करताना निघायचं कसं याचा विचार आधी करा. पुढचं चाक उताराकडे आणि समोर भिंत अशी गाडी लावली, तर ती मागे चढावर ढकलणं एकट्याच्या आवाक्यात नसतं. गोल्ड विंग आणि बीएमडब्ल्यू के 1600 जीटीएलला रिव्हर्सची सोय मिळते, पण सगळ्या टूररना नसते. उतारावर उभी करताना पहिला गिअर टाकूनच (ड्युअल क्लचवाल्या गाडीला पार्किंग ब्रेक लावूनच) उतरा, नाहीतर गाडी पुढे सरकून साइड स्टँड मिटतो. मऊ मातीत किंवा उन्हाने तापलेल्या डांबरात स्टँड रुततो. खाली ठेवायला एक छोटी चकती कायम पेटीत असू द्या.

पडलीच तर किल स्विच बंद करा आणि पेट्रोल गळतंय का ते बघा. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे सरळ होऊन पलीकडे कलंडणार नाही. जमत असेल तर पहिला गिअर टाका. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून बूड सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्याने मागचा पक्का रॉड धरा. पाठ ताठ ठेवून छोट्या पावलांनी मागे रेटत जा. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. दोघं असाल तर दोघांनी मिळून.

वेगातली गोष्ट निराळी. छोटी गाडी अंग झुकवूनही थोडीफार वळते, ही नाही वळत. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ पुढे ढकला, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. नुसत्या वजनाने ब्रेकिंगचं अंतर दुप्पट होत नाही, चांगले टायर आणि एबीएस असले तर गाडी वेळेत थांबते. धोका वेगाच्या अंदाजात आहे. विंडशील्डमागे वारा लागत नाही, इंजिन शांत असतं, आणि 70 वाटतात तेव्हा काटा 100 वर असतो. 100 ला एका सेकंदात गाडी 28 मीटर जाते. पहिला महिनाभर काट्याकडे मुद्दाम बघत चला.

वारा किती जाणवतो हे फेअरिंगवर, म्हणजे गाडीच्या पुढच्या आवरणावरही असतं. हार्ली डेव्हिडसनच्या स्ट्रीट ग्लाइडची फेअरिंग फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) बसवलेली आहे, ती हँडलबरोबर वळते, म्हणून बाजूचा झोत थेट हातात जाणवतो. रोड ग्लाइडची चेसिसवर आहे, तिथे हँडल शांत राहतं. ट्रकला ओलांडताना त्याच्या आडोशातून बाहेर पडताच धक्का बसतो. तेव्हा मूठ सैल धरा, आवळलेल्या हातांनी गाडी जास्त डोलते. विंडशील्डची वरची कड नाकाच्या पातळीला असावी, म्हणजे रात्रीच्या पावसात काचेवरून बघता येईल, काचेतून नाही.

बायकोला मागे बसवण्याआधी एकट्याने किमान 1000 किलोमीटर चालवा. बसताना ठरलेला इशारा हवा: तुमचे दोन्ही पाय टेकलेले, हँडल सरळ, पुढचा ब्रेक दाबलेला, तुम्ही "हो" म्हणाल तेव्हाच तिने चढायचं. उतरतानाही तेच. जड सामान खालच्या पेट्यांत, हलकं मागच्या वरच्या पेटीत. वजनाची मर्यादा झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असते आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. टायरमधली हवा थंड असताना तपासा. पुढे चार-पाच पीएसआय कमी झाली तरी हँडल जड होतं आणि दोष गाडीच्या वजनाला दिला जातो. दोघं आणि सामान असेल तर मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण) वाढवा, नाहीतर मागची बाजू दबून हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. सगळा भार चढवून भिंतीसमोर उभं राहून झोत एकदा बघून घ्या.