आठ म्हणजे नेमके किती?

प्रश्न : ताई, माझी एक मैत्रीण आहे. २२ वर्षांची मैत्री. कुठेही भेटायचं ठरलं की ती अर्धा-पाऊण तास उशिरा येणार हे ठरलेलं. गेल्या महिन्यात माझ्या चित्रांचं पहिलंच प्रदर्शन होतं. सहाला उद्घाटन, ही पावणेसातला धापा टाकत आली. तेव्हा मी खुर्च्या आवरत होते. मिठी मारली आणि दहा मिनिटं वाटेत काय काय झालं ते सांगत बसली. बाकीचे म्हणतात, तिच्या लेखी तुला किंमतच नाही. तसं समजू का?

उत्तर : आधी मी कुठल्या तोंडाने बोलते आहे ते सांगते. मी २९ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. ड्युटीवर कधी उशीर झाला नाही. घरच्यांना विचाराल तर मात्र माझ्याइतकी उशीर करणारी बाई त्यांनी पाहिलेली नाही. मुलीच्या शाळेतल्या नाटकाला मी पोचले तेव्हा तिचा प्रवेश होऊन गेला होता. ती झाड झाली होती. झाडाला दोनच वाक्यं होती, दोन्ही माझी हुकली.

आता थिएटरमधली गोष्ट. पहिली केस आठची असे. सर्जनच्या हिशेबी आठ म्हणजे छेद घ्यायची वेळ. भूलतज्ज्ञांच्या हिशेबी आठला पेशंट टेबलावर आला की झालं. आणि वॉर्डातले लोक आठला पेशंटला स्ट्रेचरवर घेऊन निघायचे. तिघेही आपापल्या परीने अगदी वेळेवर, आणि छेद जाई पावणेनऊला! त्याचा फटका बसायचा यादीतल्या शेवटच्या पेशंटला. तो बिचारा रात्रीपासून उपाशी, आणि संध्याकाळी त्याला सांगायचं की तुमचं आता उद्या. हे सांगायला नेहमी मलाच पाठवायचे, म्हणून चांगलं लक्षात आहे. शेवटी आमच्या हेडसिस्टरनी फळ्यावरचं 'आठ' पुसून 'छेद आठला' असं लिहिलं. भांडणं थांबली नाहीत, पण कुणाशी भांडायचं ते तरी कळू लागलं.

मैत्रिणीला एकदा सरळ विचारा, 'सहाला' म्हटलं की तिला काय ऐकू येतं? माझा अंदाज, घरातून निघायची वेळ. आणि 'रस्ता काय, वीस मिनिटांचा' असं ती म्हणते तेव्हा त्यात किल्ली शोधणं, परत वर जाऊन खिडकी लावणं, जिन्यात शेजारणीशी बोलणं यातलं काहीही धरलेलं नसतं.

अशी चूक हुशार माणसंही करतात. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये तिला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. मला गंमत वाटते ती पुढची. 'सगळंच बिनसलं तर किती लागतील?' असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं ४९. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला. आणि प्रबंध तर ज्याचा त्याचा स्वतःचा होता, त्याची किंमत नव्हती असं कसं म्हणणार?

पण म्हणून मैत्रिणीला लगेच मोकळं सोडू नका. तिची गाडी कधी चुकते का? नोकरीच्या मुलाखतीला ती किती वाजता पोचली होती? तिथेही धापा टाकतच पोचत असेल तर तिचा हिशेबच कच्चा आहे, मनाला लावून घेऊ नका. तिथे मात्र दहा मिनिटं आधी हजर आणि उशीर फक्त तुमच्याकडे, असं असेल तर तिला घड्याळ उत्तम कळतं. कोण रागावेल आणि कोण थांबेल हेही कळतं, आणि तुम्हाला तिने थांबणाऱ्यांत टाकलं आहे. मी माझ्या मुलीला तसंच टाकलं होतं. सर्जन ओरडले असते, ती ओरडणार नव्हती. प्रेम कमी नव्हतं हो. पण स्टेजवर झाड होऊन उभ्या असलेल्या पोरीला ते कुठून दिसणार?

एक करू नका. सहाचा कार्यक्रम साडेपाचला आहे असं खोटं सांगू नका. दुसऱ्या खेपेला तिच्या लक्षात येतं, आणि मग ती तुमच्या प्रत्येक वेळेत अर्धा तास मिळवून धरते. त्यापेक्षा 'सव्वासहापर्यंत थांबेन, मग निघेन' असं सांगा आणि निघा. पहिल्या वेळी तिच्यापेक्षा तुम्हालाच जास्त वाईट वाटेल. आणि 'तू आलीस तेव्हा मी खुर्च्या आवरत होते' हे वाक्य, जे मला लिहिलंत, ते तिला ऐकवलंत का?

प्रश्न : मी कुठेही चाळीस मिनिटं आधी पोचतो. बायको वैतागते. वक्तशीरपणात चूक काय?

उत्तर : स्टेशनवर खुशाल जा. पण कुणाच्या घरी चाळीस मिनिटं आधी बेल वाजवलीत तर ओल्या केसांनी दार उघडणारी बाई तुम्हाला मनातल्या मनात काय म्हणते, ते मी इथे लिहू शकत नाही. शिवाय ती चाळीस मिनिटं बायकोचीही जातात. पुढच्या वेळी एकटे पुढे व्हा, त्यांना त्यांच्या वेळेने येऊ द्या.

प्रश्न : पाच मिनिटं म्हणजे उशीर का? तेवढ्यासाठीही कळवायचं?

उत्तर : डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ तयार केलं. त्याआधीची घड्याळं दिवसाला पाव तास सहज मागेपुढे व्हायची. तेव्हा विचारलं असतंत तर 'नाही' म्हणाले असते. आता समोरच्याच्या आणि तुमच्या फोनमध्ये एकच वेळ दिसते, त्यामुळे कळवा. फक्त 'निघालोच' असं आंघोळीला जाताना कळवू नका.