तिकीट महाग, तरीही गर्दी जास्त? बेसबॉलच्या प्रेक्षकसंख्येचे रिग्रेशन करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेजर लीग बेसबॉलच्या २०२३ च्या हंगामातील ३० संघांची एकूण प्रेक्षकसंख्या घेऊन तुम्ही विजयाची टक्केवारी, महानगराची लोकसंख्या, तिकिटाची सरासरी किंमत, खेळाडूंच्या पगाराचा एकूण खर्च आणि स्टेडियमचे वय या पाच चलांवर रेषीय रिग्रेशन (एका संख्येवर इतर प्रत्येक गोष्टीचा परिणाम किती, हे सरळ रेषेच्या समीकरणाने काढण्याची पद्धत) चालवले, आणि त्यात तिकिटाच्या किमतीचा सहगुणक धन आला, म्हणजे तिकीट महाग तिथे गर्दी जास्त असे दिसले, तर आता किंमत काढून टाकावी, की आणखी वर्षांची माहिती जोडावी? दोन्ही करावे, असे माझे मत आहे. मात्र त्याआधी प्रेक्षकसंख्येच्या स्तंभात नेमके काय मोजलेले असते ते पाहावे लागेल, कारण तुमच्या निम्म्याहून अधिक अडचणी तिथूनच येतात.

आज अधिकृत प्रेक्षकसंख्या म्हणजे विकल्या गेलेल्या तिकिटांची संख्या असते. मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमध्ये ही पद्धत आधीपासून होती. दुसरा भाग, नॅशनल लीग, मात्र १९९२ पर्यंत प्रत्यक्ष आत आलेली माणसे मोजत असे आणि १९९३ पासून तीही विक्रीच्या आकड्यावर आली. म्हणजे कोणी हा कालखंड ओलांडून जाणारी माहिती एकत्र केली आणि लीगनिहाय डमी चल (अट लागू असेल तर १, नाही तर ०) घातला नाही, तर मोजणीतला बदल प्रेक्षकांच्या आवडीतला बदल म्हणून दिसेल. तुमच्यासाठी याचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. तिकिटांचा मोठा हिस्सा हंगाम सुरू होण्यापूर्वी, हिवाळ्यातच, पूर्ण हंगामाच्या तिकिटांच्या रूपाने विकला जातो, आणि ती तिकिटे घेणाऱ्यासमोर गेल्या वर्षीचा संघ असतो. त्यामुळे चालू वर्षाच्या विजयाच्या टक्केवारीबरोबर मागील वर्षाची टक्केवारीही समीकरणात असायलाच हवी. हवामानाचा परिणाम या माहितीत अनेकांना अपेक्षेपेक्षा क्षीण आढळतो, त्यामागेही हेच कारण आहे: एप्रिलमधल्या थंड, पावसाळी संध्याकाळी घरीच बसलेला तिकीटधारक स्टेडियममध्ये नसतो, पण स्तंभात असतो.

यापुढची अडचण आसनक्षमतेची. नाट्यगृहाबाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागल्यावर किती जण परत गेले हे तिकीटखिडकीच्या हिशोबात येत नाही, तसेच इथेही घडते. आपल्याला मागणी हवी असते आणि हाती येते मागणी व आसने यांपैकी जी लहान असेल ती संख्या. बोस्टनचे फेनवे पार्क हे याचे ठळक उदाहरण. १९१२ मध्ये सुरू झालेल्या या मैदानात जेमतेम ३७ हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतात, आणि मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात नियमित हंगामाचे सलग ७९४ सामने तिथे अधिकृतपणे हाउसफुल्ल होते. २०११ मध्ये बोस्टनने ९० सामने जिंकले. २०१२ मध्ये संघ कोसळला आणि ९३ सामने हरला. दोन्ही वर्षांची प्रेक्षकसंख्या मात्र सुमारे साडेतीस लाखच राहिली. साधे रिग्रेशन या दोन ओळींकडे पाहून असे शिकेल की जिंकण्या-हरण्याने फरक पडत नाही, आणि विजयाचा सहगुणक शून्याकडे ओढला जाईल. अशा वरून कापलेल्या माहितीसाठी जेम्स टोबिन यांनी १९५८ मध्ये मांडलेले, पुढे टोबिट म्हणून ओळखले गेलेले प्रारूप वापरतात. ते वापरताना प्रत्येक मैदानाची कमाल मर्यादा वेगळी द्यावी, सर्वांना एकच देऊ नये. मात्र टोबिट हे त्रुटी प्रसामान्य आणि समान विचरणाच्या (घंटेच्या आकारात आणि सगळीकडे सारख्याच विखुरलेल्या) आहेत या गृहीतावर साध्या रिग्रेशनपेक्षा अधिक विसंबून असते. म्हणून हाउसफुल्ल सामने वगळून आणि न वगळता, दोन्ही तऱ्हेने सहगुणक काढून शेजारी ठेवावेत, अशी माझी शिफारस आहे. संपूर्ण हंगामाची बेरीज घेतल्यास हे कापले जाणे दिसतच नाही, कारण मंगळवारची रिकामी आसने आणि शनिवारची गच्च भरलेली आसने एकाच आकड्यात मिसळून जातात.

आता किमतीकडे येऊ. तुमचा धन सहगुणक संगणकाची किंवा सूत्राची चूक नाही. क्लब किंमत ठरवतो तेव्हा त्याला येणाऱ्या मागणीचा अंदाज असतो. जिथे आणि ज्या वर्षी गर्दी होणार असे दिसते तिथे तिकीट महाग होते. म्हणजे किंमत ही मागणीचे कारण आहे आणि परिणामही आहे, आणि साधे रिग्रेशन या दोन दिशा वेगळ्या करू शकत नाही. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाने २००९ मध्ये काही आसनांवर आणि २०१० मध्ये संपूर्ण स्टेडियमसाठी मागणीनुसार बदलणाऱ्या किमती लागू केल्या, आणि पुढे इतर संघही त्या वाटेने गेले. तेव्हापासून तर ही गुंतागुंत प्रत्येक सामन्याच्या पातळीवर आली आहे. त्यावरचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे असा एखादा साधन चल शोधणे, जो किंमत हलवतो पण मागणीला थेट स्पर्श करत नाही. बेसबॉलमध्ये असा विश्वासार्ह चल सापडणे कठीण आहे, आणि ओढूनताणून आणलेल्या कमकुवत साधनापेक्षा ते नसलेले बरे. शिवाय क्लब केवळ तिकिटावर जगत नाही. वाहनतळ, बिअर, हॉट डॉग आणि दूरचित्रवाणीचे हक्क यांतूनही त्याला पैसा मिळतो, त्यामुळे आसने भरलेली राहावीत म्हणून तो तिकीट मुद्दाम काहीसे स्वस्तही ठेवू शकतो. एवढे सगळे एका ‘सरासरी किमती’च्या स्तंभात कोंबून मागणीची लवचीकता, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते ते, काढता येणार नाही. तुमचा उद्देश प्रेक्षकसंख्या कशाने बदलते हे सांगण्याचा आहे, तेव्हा किंमत वगळावी आणि ती का वगळली हे प्रकल्पात दोन वाक्यांत स्पष्ट लिहावे. चिन्ह आवडले नाही म्हणून चल काढला असे परीक्षकांना वाटू देऊ नये.

पगाराच्या खर्चाबाबत माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. पैसा खर्च केल्याने चांगले खेळाडू येतात, त्यामुळे संघ जिंकतो आणि त्यामुळे प्रेक्षक येतात, ही साखळी आहे. तिच्यातील दोन कड्या एकाच वेळी समीकरणात घातल्यावर विजयाचा सहगुणक ‘खर्च तेवढाच राहिला असता’ या अटीसह वाचावा लागतो, आणि तो तुम्हाला हवा असलेला अर्थ नाही. खर्चाचा आकडाही वाटतो तितका सरळ नाही. शोहेई ओहतानीने डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला, पण त्यातील ६८ कोटी करार संपल्यानंतर मिळायचे आहेत. रोख पगाराच्या यादीत हा खेळाडू वर्षाला २० लाख डॉलरचा दिसतो, तर लीगच्या कर-आकारणीत तो सुमारे ४.६ कोटींचा धरला जातो. २०२५ मध्ये डॉजर्सची घरची प्रेक्षकसंख्या प्रथमच ४० लाखांवर गेली, त्यात त्याचा वाटा किती हे यांपैकी कोणताही आकडा सांगणार नाही. नामांकित खेळाडूंचा परिणाम तपासायचाच असेल तर त्यासाठी स्वतंत्र डमी चल घ्यावा.

आणखी वर्षांची माहिती का हवी, हे टँपा बेच्या उदाहरणावरून लक्षात येईल. २०२३ मध्ये या संघाने ९९ सामने जिंकले आणि तरी घरच्या सामन्यांची सरासरी १८ हजारांच्या आतच राहिली. महानगराची लोकसंख्या कमी नाही. पण स्टेडियम खाडीपलीकडे सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे आणि टँपाच्या बाजूच्या माणसाला कामाच्या दिवशी संध्याकाळी पूल ओलांडून जावे लागते. अशा स्थानिक गोष्टी ३० ओळींच्या तक्त्यात कोणत्याही चलात मावत नाहीत. अनेक वर्षांची माहिती घेऊन प्रत्येक संघासाठी आणि प्रत्येक वर्षासाठी डमी चल घातले, की संघाचे न बदलणारे गुणधर्म बाजूला होतात आणि तोच संघ चांगल्या व वाईट वर्षांत किती प्रेक्षक खेचतो याची तुलना उरते. यात लोकसंख्येचा सहगुणक जवळजवळ निरर्थक होईल, कारण ती वर्षागणिक फारशी बदलत नाही, ते सोसावे. (न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस येथे प्रत्येकी दोन संघ असताना तीच लोकसंख्या दोनदा मोजण्याचा प्रश्नही त्यामुळे आपोआप मिटतो.)

तरीही काही गाठी सुटत नाहीत. बाल्टिमोरने १९९१ मध्ये जुन्या मैदानावर ६७ सामने जिंकले आणि सुमारे २५.५ लाख तिकिटे विकली. १९९२ मध्ये कॅम्डेन यार्ड्स हे नवे मैदान सुरू झाले आणि विक्री ३५.७ लाखांवर गेली, पण त्याच वर्षी संघाने ८९ सामने जिंकले. या एका उडीतून मैदानाचा वाटा आणि विजयांचा वाटा वेगळा काढता येणे अशक्य आहे. त्यासाठी इतर शहरांतील नवी मैदाने लागतात. त्यामुळे स्टेडियमचे वय हा एकच रेषीय चल ठेवू नये. नवेपणाचे आकर्षण पहिल्या काही वर्षांत ओसरते, आणि फेनवे किंवा १९१४ चे रिग्ली फील्ड यांच्या बाबतीत वय हेच आकर्षण होऊन बसते. पहिले वर्ष, दुसरे वर्ष, तिसरे वर्ष असे वेगळे डमी चल घेतल्यास हा वक्र तुम्हाला स्वतःच दिसेल. एकूण संख्येऐवजी प्रति सामना सरासरी वापरावी, हेही ओघाने आले. १९९४ चा हंगाम १२ ऑगस्टला संपामुळे थांबला आणि १९९५ मध्ये प्रत्येक संघाला १४४ सामने मिळाले. दोन्ही वर्षांची एकूण प्रेक्षकसंख्या पाच कोटींच्या आसपास दिसते, आणि सरासरी मात्र ३१ हजारांवरून २५ हजारांवर घसरलेली असते. बेरीज पाहणाऱ्याला संपाचा राग दिसणारच नाही.

शक्य असेल तर मी याही पुढे जाऊन सामनानिहाय माहिती घेण्यास सांगेन. एका हंगामात २,४३० सामने असतात, आणि वार, महिना, दिवसाचा की रात्रीचा सामना, पाहुणा संघ, हंगामाचा पहिला सामना, बॉबलहेडसारखी (डोके डुलणारी बाहुली) भेटवस्तू या सर्वांचा परिणाम तिथेच मोजता येतो. एक खबरदारी सर्वांत महत्त्वाची आहे: प्रत्येक सामन्यासमोर त्या दिवसापर्यंतचीच विजयाची टक्केवारी असावी. हंगामअखेरची टक्केवारी एप्रिलच्या ओळीत घातली तर ज्याला ऑक्टोबर माहीत आहे असा प्रेक्षक आपण गृहीत धरतो. उलट, पाच सामन्यांनंतर चार विजय मिळवलेल्या संघाची टक्केवारी ८० असते आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत मागील वर्षाच्या टक्केवारीला जास्त वजन द्यावे आणि ते हळूहळू कमी करत न्यावे. भेटवस्तूंचे दिवस क्लब स्वतः निवडतो, त्यामुळे वार आणि पाहुणा संघ समीकरणात असल्याशिवाय बॉबलहेडचा सहगुणक वाचू नये.

निकालाच्या अनिश्चिततेविषयीही तुम्ही विचारले आहे. सामना जितका अटीतटीचा तितकी गर्दी जास्त, ही कल्पना सायमन रॉटेनबर्ग यांच्या १९५६ च्या लेखापासून चालत आली आहे. ती तपासण्यासाठी सट्टेबाजीच्या भावांतून यजमान संघाच्या विजयाची संभाव्यता काढतात आणि ती व तिचा वर्ग असे दोन चल घालतात. समजा सहगुणक १.८ आणि उणे १.५ आले, तर कमाल प्रेक्षकसंख्या १.८ भागिले ३, म्हणजे ०.६ या संभाव्यतेला येते. याचा अर्थ प्रेक्षकाला चुरस हवी असते, पण आपला संघ थोडा वरचढ असलेलीच. मात्र हे शिखर तुमच्या माहितीच्या पल्ल्यात आहे का, हे आधी पाहावे. बेसबॉलमध्ये या संभाव्यता बहुधा ०.३ ते ०.७ यांच्या मध्येच असतात, आणि शिखर ०.९ ला आले तर त्याचा अर्थ एवढाच की तुमच्याजवळ चढती रेषा आहे.

२०२३ मध्ये गोलंदाजासाठी घड्याळ (ठरावीक सेकंदांत चेंडू टाकण्याचे बंधन) आले, नऊ डावांच्या सामन्याची सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली आणि प्रेक्षक वाढले. हा नियम सर्व संघांना एकाच वर्षी लागू झाला, त्याच वर्षी इतर नियम आणि वेळापत्रकही बदलले, तेव्हा वर्षाच्या डमी चलातून घड्याळाचा परिणाम वेगळा काढण्याचा मोह टाळावा. मानक त्रुटी (सहगुणक किती अनिश्चित आहे याचे माप) संघानुसार गट करून काढाव्यात, कारण एकाच संघाचे ८१ घरचे सामने परस्परांपासून स्वतंत्र नसतात. आर-वर्गाची, म्हणजे चढउताराचा किती हिस्सा समीकरणाने समजावला या मापाची, फार चिंता करू नये. संघांचे डमी चल घालताच तो उंच जातो आणि त्याचे श्रेय तुमच्या सिद्धांताला नसते.

बेसबॉलच्या आकडेवारीच्या दोन संग्रहांपैकी, हंगामनिहाय माहितीसाठी लाहमन डेटाबेसमधील संघांचा तक्ता पुरेसा आहे, आणि सामनानिहाय माहितीसाठी रेट्रोशीटचे गेम लॉग (प्रत्येक सामन्याच्या नोंदींच्या फाइली) घ्यावेत. त्या फाइलींत शीर्षकाची ओळ नसते, त्यामुळे स्तंभांची नावे स्वतः द्यावी लागतील. १३ वा स्तंभ दिवस-रात्रीचा आणि १८ वा प्रेक्षकसंख्येचा आहे. प्रेक्षकसंख्येचा लॉगरिदम घेणार असाल तर त्यापूर्वी शून्ये शोधावीत, कारण शून्याचा लॉगरिदम निघत नाही. एकाच तिकिटावर झालेल्या दुहेरी सामन्यांत दोनपैकी एकासमोर शून्य दिसू शकते, २०२० चा नियमित हंगाम पूर्णच प्रेक्षकांविना झाला, आणि २९ एप्रिल २०१५ चा बाल्टिमोर विरुद्ध शिकागो व्हाइट सॉक्स हा सामना शहरातील अशांततेमुळे दरवाजे बंद ठेवून खेळवला गेला, त्याची अधिकृत नोंदही शून्यच आहे. या ओळी वगळाव्यात. त्यांत एक मिळवून लॉग घेऊ नये. २०२१ च्या सुरुवातीला आसनांवर निर्बंध होते, तेव्हा ते वर्षही बाहेर ठेवून एकदा निकाल ताडून पाहावेत.